दातांचं अक्षर

जिन्याच्या तोंडाशी सुनेने बसवून घेतलेलं लाकडी फाटक सताड उघडं होतं. लावायचं तरी कुणासाठी? तिची लेक ठमी तिथून खाली गडगडू नये म्हणून ते बसवलं, आणि ती ठमी बुधवारपासून मुलांच्या हॉस्पिटलात हाताला सलाईन लावून पडली होती. आत्ता तिच्याजवळ सुनेची आई बसली होती. आणि फाटकाचंच काय घेऊन बसलात, छापखान्याच्या वरच्या या माडीवर सुनेने करायचं म्हणून काय ठेवलं नव्हतं. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, खालच्या सॉकेटांना झाकणं, खिडकीला जाळी, फिनेलची बाटली कपाटाच्या डोक्यावर. पाणी उकळून, लस वेळेवर. सासरे चेष्टा करायचे, "सूनबाई, आता तेवढी जमिनीला गादी शिवून घ्या." सगळे हसायचे आणि तीही हसायची. आता तिला त्या हसण्याचीसुद्धा चीड येत होती.

"पुन्हा एकदा सांग," ताई म्हणाली. ही ठमीची आत्या, तिघा भावंडांतली मधली. सकाळच्या बसने आली होती आणि अजून चपला काढून धड टेकली नव्हती. "सावकाश सांग. फोनवर मला निम्मं कळलं आणि निम्मं तुझ्या रडण्यात गेलं."

सून टेबलाशी उभीच होती. "रक्तात शिसं आहे, ताई. खूप. म्हणून तिचं पोट दुखायचं, म्हणून ती अशी पांढरीफटक पडली, म्हणून चिडचिड. आपण म्हणत होतो दात येताहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषधाने ते उतरेल. पण कुठून येतंय ते सापडल्याशिवाय पोरीला घरी न्यायचं नाही. इकडून उपसायचं आणि तिकडून नळ चालू ठेवायचा, त्याला काय अर्थ?"

"शोधायचं काय त्यात?" धाकटा म्हणाला. तो ठमीचा बाप. खाली काउंटरवर बसून गिऱ्हाइकं सांभाळणं त्याच्याकडे होतं, आणि घरातसुद्धा तो काउंटरवरून बोलल्यासारखाच बोलायचा. "खाली शिशाच्या खिळ्यांचा छापखाना आहे. वर्षानुवर्षं अक्षरांचे खिळे वितळवतोय, नवे ओततोय. धूळ वर येत असणार."

"धूळ येते, कपड्यांवरून येते, ते सगळं त्यांनी विचारलं. पण त्या म्हणाल्या, एवढं चढलंय म्हणजे बहुतेक रोज काहीतरी तोंडात जातंय."

"शिसं, शिसं, शिसं," बाबा म्हणाले. म्हातारे टेबलाच्या वरच्या अंगाला त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. "माझ्या वडिलांपासून या घरात शिसं आहे. मी त्यातच वाढलो, तुम्ही तिघं त्यातच वाढलात. कुणाला काय धाड भरली?"

यावर कुणी थोरल्याकडे पाहिलं नाही. नेमकं त्याच्याकडेच पाहायचं टाळलं, असं म्हणायला हवं.

थोरला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, ठमीच्या उंच खुर्चीला लागून बसला होता. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेले. चौथीत गणितात लागोपाठ भोपळे आणले तेव्हा बापाने त्याचं नाव भोपळ्या ठेवलं, ते गल्लीने उचललं, आणि खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं. घरात भावंडं दादा म्हणत, म्हणून सूनही दादाच म्हणायची. खालचा केर काढणं, मशीन पुसणं, झिजलेले खिळे भांड्यात वितळवणं, ही त्याची कामं. ठमी झाल्यापासून आणखी एक काम त्याच्याकडे आलं होतं आणि त्यात मात्र तो कधी चुकला नव्हता. सून शाळेत शिकवायला गेली की अंघोळ करून तो वर यायचा आणि दुपारपर्यंत पोरीला सांभाळायचा.

"दादा," सून म्हणाली, "तिला घ्यायच्या आधी तुम्ही हात धूत होतात ना?"

"हो. साबणाने. तू सांगितलंस तसं."

"तिला कधी खाली नेलंत?"

"नाही. मी फाटक लावून घ्यायचो."

"मग तिला काही दिलंत का? तोंडात घालायला?"

थोरल्याने मान खाली घातली आणि टेबलाच्या पट्टीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळायला लागला. सुनेची इतकी वर्षं पोरांना शिकवण्यात गेली होती. ही मान खाली घालणं तिला चांगलं ठाऊक होतं.

"दादा, ती तुला विचारतेय," धाकटा म्हणाला. "गप्प काय बसलास? तोंडाला कुलूप लागलंय का? पोरगी तिकडे सलाईनवर आहे. मी तेव्हाच म्हणत होतो, पाळणाघर बघू. याच्या भरवशावर पोर ठेवणं म्हणजे..." पुढचं त्याने गिळलं, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं.

पाळणाघर नको म्हणणारी सूनच होती. घरात दादा असताना परक्या बाईकडे कशाला, असं तिने नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं. त्या शब्दांनी आता तिचा जीव कासावीस झाला. तिने सगळ्या घराचे कोपरे गुंडाळले आणि उघडं दार स्वतःच्या हाताने ठेवलं.

"काय दिलंत ते नका सांगू मग," ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला. "पण तुमच्या हातात मी माझी पोर पुन्हा देणार नाही."

थोरल्याने मान हलवली. बरोबर आहे, अशी.

*

ताईला त्या मान हलवण्याने भडभडून आलं, आणि मग राग आला. धाकटा बोलत सुटला होता, सून डोळे पुसत होती, आणि बाबा खिडकीबाहेर बघत होते. हे जे खिडकीबाहेर बघणं होतं, तिथे तिची नजर अडली. ज्या माणसाला दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देववत नाही, तो भांडणाच्या ऐन भरात खिडकीबाहेर बघतोय?

तिला आणखी एक दिसलं होतं. प्रश्न ऐकल्यावर दादाने मान खाली घालण्याआधी क्षणभर बाबांकडे पाहिलं होतं. लहानपणी दुधाचं भांडं सांडलं की तो असाच पाहायचा. सांडलेलं असायचं तिने किंवा धाकट्याने. मार मात्र दादाचा ठरलेला, कारण त्याला आपली बाजू मांडता यायची नाही, आणि या दोघांनी कधी तोंड उघडलं नाही. हे आठवून तिला आजही स्वतःची लाज वाटली.

ती उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

"दादा, तुला कुणी सांगितलंय का, कुणाला सांगू नकोस म्हणून?"

थोरल्याने बराच विचार केला. "सांगितलं असेल," तो म्हणाला, "तर मग सांगता येत नाही ना, ताई."

धाकट्याने मान वळवून बापाकडे पाहिलं.

"बाबा," ताई म्हणाली.

*

म्हाताऱ्याला वाटलं होतं, वेळ निघून जाईल. धाकटा आरडाओरडा करेल, सून रडेल, भोपळ्या ऐकून घेईल. त्याला सवय आहे. मग आपण रात्री सावकाश विचार करू, हॉस्पिटलात काय सांगायचं ते. एवढी एक दुपार निभावली असती तर. आणि भोपळ्या बोलला नाही. बापाने सांगू नको म्हटलं म्हणून, ठमी आपल्या हातातून जाते आहे हे समोर दिसत असतानाही बोलला नाही.

"त्याच्या मागे लागू नका," बाबा म्हणाले. "त्याला मी सांगितलं होतं. मी दिलं."

"काय दिलंत?" सुनेने विचारलं, पण विचारतानाच तिला ते कळलं. तिने खुर्चीची पाठ धरली. "ते अक्षर?"

या घराण्याची ही एक रीत होती. बाकी कुणाकडे असायचं कारणच नाही. पोराला दात यायला लागले की छापखान्याचा मालक त्याच्या नावाचं पहिलं अक्षर शिशात ओतायचा, अंगठ्याएवढं, जाड. कानसीने कडा घासून गुळगुळीत करायचा आणि पोराच्या हातात द्यायचा. शिवशिवणाऱ्या हिरड्यांनी पोर ते चावत बसायचं. अक्षर आधी पोटात गेलं की पुढे डोक्यात येतं, असं बाबांचे वडील म्हणायचे. ताईने स्वतःचं अक्षर तिसऱ्याच दिवशी खिडकीतून गटारात भिरकावलं होतं, त्यावरून तिला अजून चिडवत. धाकट्याला आपल्या अंगठ्यापुढे दुसरं काही गोड लागत नसे. थोरल्याने मात्र आपलं अक्षर ओळखू येईनासं होईपर्यंत चघळलं होतं. तेव्हा माडी नव्हती. खालच्या एकाच खोलीत छापखाना आणि संसार दोन्ही, आणि वितळवायच्या भांड्यापासून हातभर अंतरावर त्याची झोळी.

"मी नको म्हटलं होतं, बाबा," सून म्हणाली.

"तू घाण आहे म्हणालीस. मी उकळून घेत होतो. रोज. आधी उकळायचं, मग पुसायचं, मग भोपळ्याजवळ द्यायचं. तू यायच्या आत परत घ्यायचं." म्हाताऱ्याचा आवाज घसरला. "शांत व्हायची गं ती. तुझ्या त्या रबराच्या चोखणीला हातही लावायची नाही. मला वाटलं, उकळलं की झालं."

"उकळून शिसं जातं का, बाबा? जन्म गेला तुमचा शिशात."

अपमान झाला म्हणून बाबांनी ते लपूनछपून केलं होतं, हे त्यांना माहीत होतं आणि सुनेलाही. आजोबाने ओतलेलं अक्षर सुनेने कपाटावर ठेवून दिलं, एवढ्यावरून. कुणी ऐकलं तर हसेल.

धाकट्याने भावाकडे पाहिलं. "दादा, मी मघाशी..." तो म्हणाला. काउंटरवर असलं काही बोलायची वेळ येत नाही.

ताई मात्र भलत्याच विचारात पडली होती. "ठमी काका म्हणायला लागली होती ना?" तिने सुनेला विचारलं. "मला फोनवर ऐकवलं होतंस."

"काका, पाणी, दे. मग हळूहळू बंदच झाली. मी म्हटलं, पोरं लहरी असतात." सुनेने डोळ्यांना पदर लावला. "डॉक्टरबाईंनी तेच आधी विचारलं. बोलत होती आणि थांबली का, म्हणून. लहानपणी शिसं गेलं तर डोक्याच्या वाढीला धक्का बसतो म्हणाल्या. मुलं अभ्यासात मागे पडतात, ध्यान लागत नाही. हिचं लवकर कळलंय, आता खाणंपिणं नीट ठेवू, लोह देऊ, पण खात्री मी देणार नाही, म्हणाल्या."

"आई सांगायची," ताई म्हणाली. ती हळू बोलत होती, जणू ऐकणाऱ्याला उठून जायला वेळ मिळावा म्हणून. "दादा वर्षाचा असताना चुरूचुरू बोलायचा. अख्खी गल्ली गोळा व्हायची ऐकायला. मग कुणाची नजर लागली आणि गप्प झाला. पोट धरून रडायचा म्हणायची. पांढरा पडला होता."

"पुरे," बाबा म्हणाले.

"नजर म्हणायची ती. मरेपर्यंत म्हणायची."

"पुरे म्हटलं ना."

"इतक्या वर्षांनी कुणी कसं सांगणार?" धाकटा म्हणाला. त्याला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. "कशानेही झालं असेल. काही मुलं असतातच तशी."

"असतात," सून म्हणाली. "आता कुणालाच सांगता यायचं नाही." तिने थोरल्याकडे पाहिलं. तो पट्टीचा दोरा नीट गाठ मारून बसवत होता, म्हणजे कोपरा पुन्हा उघडा पडू नये. आपलं बोलणं चाललंय हे त्याला कळत होतं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून समजेना.

मग तिने पर्स उचलली. जे बोलायचं ते तिने एका दमात बोलून टाकलं. "ठमी बरी झाली तरी इथे येणार नाही. मी दुसरीकडे जागा बघते. तू येणार असशील तर ये," हे नवऱ्याला. "सगळ्यांचं रक्त तपासून घ्यायला सांगितलंय, तेही उद्या उरकायचं."

"छापखाना बंद करतो मी," बाबा म्हणाले. "खिळे विकून टाकतो. भांडं उद्याच्या उद्या..."

"करा, बाबा. पण तेवढ्यावर माझी पोर परत येईल असं धरू नका." ती थोरल्याजवळ गेली. "दादा, डोक्यावरून अंघोळ करा, धुतलेले कपडे घाला आणि माझ्याबरोबर चला. मी शेजारी असताना ती दाराकडे बघत बसते. तुम्हाला शोधते. मघाशी मी बोलले ते..."

"बरोबरच बोललीस," थोरला म्हणाला. "मीच दिलं ना तिच्या हातात."

"मीही येतो," बाबा उठायला लागले.

"आज नको, बाबा," सून म्हणाली, आणि ती खाली जाऊन उभी राहिली.

*

थोरला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बोळातल्या बेसिनशी आला तेव्हा म्हातारा तिथेच भिंतीला हात टेकून उभा होता. अंघोळ झाली तरी थोरला पुन्हा हात धूत होता. नखं एकेक करून ब्रशने घासत होता.

"भोप..." बाबा म्हणाले आणि तो शब्द त्यांनी अर्धाच सोडला. खरं नाव ओठांवर येईना, इतकी वर्षं ते वापरलं नव्हतं. "अरे, ऐक. ताई बोलली ते ऐकलंस ना?"

"कुठलं?"

"तुझं ते. तुला शाळेत काही जमायचं नाही ते. वाचायला बसलं की अक्षरं हलतात म्हणायचास, पाढे विसरायचास. ते बहुतेक त्या शिशाने झालं. मी दिलेल्या. खात्रीने कुणी सांगणार नाही, पण मला वाटतं तसंच झालं."

थोरल्याने नळ बंद केला. हाताचं पाणी कोपरावरून गळत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे मी मुद्दाम नव्हतो करत?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. मुद्दाम करतोस, असं म्हणत तो पट्टी उगारायचा. खिळ्यांच्या ओळी बसवायची लोखंडी पट्टी होती ती. प्रत्येक फटक्याला तेच. मुद्दाम करतोस, बापाचं नाक कापायला मुद्दाम करतोस.

"नाही रे. नव्हतास."

"मला वाटायचं करतोय," थोरला म्हणाला. "तुम्ही म्हणायचात ना. मी झोपताना शोधायचो, कुठे मुद्दाम करतोय ते. म्हटलं, सापडलं की थांबवू. सापडायचं नाही. मग मी शोधायचं सोडून दिलं."

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. "फार चुकलं." एवढंसं तोंड झालं होतं त्यांचं. पन्नास वर्षांत त्यांनी हे कुणाला म्हटलं नव्हतं, बायको वारली तेव्हाही नाही. थोरल्याने ऐकलं, पण त्याचं काय करायचं हे त्याला कळलं नसावं. त्याने टॉवेल घेऊन बोटांमधलं पाणी टिपलं.

खालून सुनेने हाक मारली. रिक्षा आली होती.

"आलो," तो म्हणाला. जिन्याशी जाऊन तो थबकला, परत आला. "बाबा, ठमी शाळेत जाईल ना?"

"जाईल की."

"तिला नाही आलं काही, तर मुद्दाम करते म्हणायचं नाही हं."

"नाही म्हणणार."

"मास्तरांनाही सांगून ठेवायचं. आणि तिला विचारायचं आधी, जमत नाही का, म्हणून." तो पायऱ्या उतरायला लागला. "मला कुणी विचारलंच नाही."